येन नेमका कशाने पडतो आणि कशाने उसळतो?

उगवतीकडे | १७ ऑगस्ट २०२४, रात्री ११:२०

नमस्कार मंडळी. अर्थशास्त्राशी माझा संबंध पेपर वाचण्यापुरताच, त्यामुळे प्रश्न बाळबोध वाटला तर सांभाळून घ्या.

मी जपानमध्ये कावासाकीत राहतो, एका कारखान्यात मशीन डिझाइनचं काम करतो. शिक्षण अमेरिकेत झालं, त्याचं कर्ज अजून फिटलेलं नाही. हप्ता महिन्याला ५०० डॉलर, पगार मात्र येनमध्ये. जानेवारी २०२१ मध्ये डॉलर १०४ येनच्या आसपास होता, तेव्हा हप्त्याला ५२ हजार येन लागायचे. या जुलैच्या पहिल्या आठवड्यात डॉलर १६१ च्या वर गेला आणि तेवढ्याच हप्त्याला ८० हजारांहून जास्त मोजावे लागले. ऑफिसात जो तो म्हणत होता, आता १७० होणार. मी घाबरलो आणि सहा महिन्यांचे हप्ते एकदम बाजूला काढले. ३,००० डॉलर घेतले, १६१ च्या भावाने, ४ लाख ८३ हजार येन.

पुढचं तुम्हाला माहीतच आहे. ५ ऑगस्टला डॉलर १४२ च्या खाली जाऊन आला. तेच डॉलर महिनाभर थांबून घेतले असते तर ५७ हजार येन वाचले असते. माझ्यासाठी ही रक्कम लहान नाही.

पैसे गेले ते गेले, पण मला हे कळतच नाही की या एका महिन्यात जपानमध्ये असं काय बदललं? कारखाना तोच, माणसं तीच, गाड्या तेवढ्याच बनताहेत. शिवाय २०२३ च्या अखेरीला जपान हा जगातला सगळ्यात मोठा सावकार देश होता, परदेशांत याच्याइतकी निव्वळ मालमत्ता कुणाचीच नव्हती. मग याचं चलन १९८६ नंतरच्या नीचांकाला जातंच कसं? आणि मार्चमध्ये जपानच्या मध्यवर्ती बँकेने १७ वर्षांत पहिल्यांदा व्याजदर वाढवला, त्या दिवशी येन वर जायला हवा होता ना? तो तर पडला!

जाणकारांनी प्रकाश टाकावा. शेअरबाजाराच्या टिप्स नकोत, समजून घ्यायचं आहे.


आकडेमोड | १८ ऑगस्ट, सकाळी ८:०५

व्यापाराकडे बघा. जपानकडे स्वतःचं तेल नाही, वायू नाही. २०११ च्या भूकंपानंतर अणुभट्ट्या बंद पडल्या आणि वीज बनवायला द्रवरूप वायू जहाजं भरभरून आणावा लागला. त्याच वर्षी ३१ वर्षांत पहिल्यांदा जपानचा आयात-निर्यातीचा ताळेबंद वर्षअखेरीला तुटीत गेला. २०२२ मध्ये युक्रेनच्या युद्धाने इंधन भडकलं तेव्हा ही तूट २० लाख कोटी येनच्या घरात पोचली, आजवरची सर्वाधिक. तेल-वायूचे पैसे डॉलरमध्ये द्यावे लागतात. म्हणजे येन विका, डॉलर घ्या.

त्यात भर म्हणजे क्लाउड, सॉफ्टवेअर, ऑनलाइन जाहिराती. हे सगळं अमेरिकी कंपन्यांकडून येतं. इथे याला ‘डिजिटल तूट’ म्हणतात आणि २०२३ मध्ये ती ५ लाख कोटी येनच्या वर होती. तेल स्वस्त झालं तर वायूचं बिल कमी होईल, हे डिजिटल बिल मात्र कमी होणार नाही.

सावकार देश असण्याबद्दल म्हणाल, तर परदेशातल्या गुंतवणुकीवर जपानला उत्पन्न भरपूर मिळतं, म्हणून देशाचं चालू खातं, म्हणजे परदेशांशी एकूण देण्याघेण्याचा हिशेब, अजून शिलकीत आहे. पण त्यातलं बरंचसं तिकडेच पुन्हा गुंतवलं जातं. कागदावर जमा, प्रत्यक्षात डॉलर विकून येन कुणी घेतलेच नाहीत.


देवदार | १८ ऑगस्ट, दुपारी २:४०

उगवतीकडे, तुमचा ५७ हजारांचा हिशेब वाचला आणि राहवलं नाही. मी तोक्योत शिनकिबाला एका लाकूड आयात करणाऱ्या कंपनीत आहे, एकोणीस वर्षं झाली. उत्तर अमेरिकेतून घरबांधणीचं लाकूड येतं. इनव्हॉइस डॉलरमध्ये, विक्री येनमध्ये. मधला डॉलर विकत घेणं हे माझं रोजचं काम. पुस्तकी नाही, टेबलावर बसून दिसतं ते सांगते.

आधी एक समज मनातून काढून टाका. चलनाचा भाव म्हणजे देशाचं प्रगतिपुस्तक नव्हे. ११ मार्च २०११ ला मी ऑफिसात होते. गाड्या बंद, रात्री चालत घरी गेले. पुढचा आठवडा वीज कधी जाईल याचा नेम नव्हता, फुकुशिमाच्या बातम्या येत होत्या. देशावर असं संकट, मग चलन कोसळायला हवं ना? १७ मार्चच्या पहाटे डॉलर ७६ येनच्या जवळ आला. येन पडला नाही, तो तेव्हाच्या विक्रमी उंचीवर गेला! दुसऱ्या दिवशी जी-७ देशांनी मिळून येन विकले, तेव्हा कुठे भाव ८१ कडे सरकला. त्या सकाळी मला पहिल्यांदा नीट कळलं की बाजार ‘जपान कसा आहे’ हे विचारत नाही. ‘आज येन कुणाला हवेत, कुणाला नकोत’ एवढंच विचारतो. तेव्हा हवा अशी होती की विमा कंपन्या भरपाईसाठी परदेशातली गुंतवणूक विकून येन परत आणतील. ते घडण्याआधीच लोकांनी येन घेऊन ठेवले. ज्यांनी येन उधार घेतले होते त्यांनीही जिवाच्या भीतीने ते परत घेतले.

‘उधार घेतलेले येन’ हीच सगळ्यात मोठी गोष्ट आहे, म्हणून तिथे थोडं थांबते.

मार्च २०२२ मध्ये अमेरिकेचा व्याजदर शून्याच्या जवळ होता. जुलै २०२३ पर्यंत तो सव्वापाच ते साडेपाच टक्क्यांवर गेला. इथे मात्र मार्च २०२४ पर्यंत दर शून्याच्याही खाली होता, उणे ०.१ टक्के. आता समजा तुम्ही मोठा फंड आहात. जपानमध्ये जवळजवळ फुकटात येन उधार घ्यायचे, ते विकून डॉलर घ्यायचे आणि अमेरिकी सरकारच्या रोख्यांत पाच टक्क्यांवर ठेवायचे. मेक्सिकोत तर ११ टक्के मिळत होते. भाव जागचा हलला नाही तरी मधला फरक खिशात. याला कॅरी ट्रेड म्हणतात. यात शिरणारा प्रत्येक जण पहिल्या पायरीवर येन विकतो. त्याने येन आणखी घसरतो, आधी शिरलेल्यांना व्याजाबरोबर भावातही फायदा होतो, ते बघून आणखी लोक शिरतात. आकडेमोड म्हणतात ती व्यापारी तूट खरी आहे, पण ती पाण्याच्या संथ धारेसारखी. हा फंडांचा पैसा म्हणजे भरती-ओहोटी.

आणि हे फक्त सट्टेबाजच करतात असं समजू नका. आम्ही लाकूडवालेही न कळत तेच करतो. या उन्हाळ्याच्या सुरुवातीला बाजारात डॉलर १५५ ला होता. तोच डॉलर वर्षभराने घेण्याचा करार (याला फॉरवर्ड म्हणतात) आज केला तर बँक १४७-१४८ चा भाव देत होती. सात येन स्वस्त! बँकेची ही भविष्यवाणी नव्हे. आम्ही फॉरवर्ड केला की बँक आजच डॉलर विकत घेऊन ठेवते. त्यावर वर्षभर पाच टक्क्यांहून जास्त व्याज तिला मिळतं, आणि येनचा खर्च नगण्य. तो फरक भावातून वजा होऊन आमच्याकडे येतो. साहजिकच आयातदार आनंदाने पुढच्या महिन्यांचे डॉलर आजच बुक करतात. उलट बाजूला गाड्या निर्यात करणारा बसलेला असतो. त्याला पुढचे डॉलर आज विकायचे तर सात येन कमी मिळणार, म्हणून तो म्हणतो, थांबू. घेणारे घाईत, विकणारे निवांत. व्याजाची एवढीशी तफावत रोजच्या व्यापाराचा तोलही कसा एका बाजूला झुकवते बघा. मला या धंद्यातलं हे सगळ्यात शिकण्यासारखं वाटतं आणि टीव्हीवर हे कुणी सांगत नाही.

आता तुमचा महिना. ११ जुलैला अमेरिकेतल्या महागाईचा आकडा अपेक्षेपेक्षा कमी आला. त्याच रात्री जपान सरकारने बाजारात उतरून येन विकत घेतले. ३१ जुलैला इथला दर ०.२५ टक्के झाला आणि मध्यवर्ती बँकेचे गव्हर्नर उएदा पुढेही वाढवायच्या सुरात बोलले. २ ऑगस्टला अमेरिकेतल्या नोकऱ्यांचा आकडा वाईट आला, बेरोजगारी ४.३ टक्के. म्हणजे तिकडचा दर उतरणार, इकडचा चढणार. प्रत्यक्षात फरक अजून पाच टक्क्यांचा होता! पण तो मिटायला लागणार असं वाटलं की भावाची भीती व्याजाच्या लोभावर मात करते. पाच टक्के कमवायला वर्ष लागतं, येन पाच टक्के चढायला दोन दिवस. येन उधार घेतलेले सगळे एकाच दाराकडे धावले. ५ ऑगस्टला इथला शेअर निर्देशांक निक्केई ४,४५१ अंकांनी पडला, एका दिवसात १२.४ टक्के. दोन दिवसांनी उपगव्हर्नर उचिदा हाकोदातेत म्हणाले की बाजार अस्थिर असताना आम्ही दर वाढवणार नाही, आणि त्या एका वाक्यावर डॉलर पुन्हा १४७ वर गेला.

कारखाना तोच, माणसं तीच हे तुमचं अगदी बरोबर आहे. बदलला तो उद्याचा अंदाज.


तोक्योचा पाऊस | १८ ऑगस्ट, संध्याकाळी ६:१५

देवदारताई, फॉरवर्डचं गणित पहिल्यांदाच समजलं, धन्यवाद. पण एक गोष्ट पटत नाही. तुम्ही सगळं व्याजावर टाकताय. मला वाटतं देशाबद्दलचा विश्वासही कमी झालाय.

माझंच उदाहरण. जानेवारीपासून नवं निसा खातं सुरू झालं, वर्षाला ३६ लाख येनपर्यंतच्या गुंतवणुकीच्या नफ्यावर कर नाही. मी दर महिन्याला ५० हजार घालतो, सगळे जगभरच्या शेअरांच्या फंडात, आणि त्यात मोठा वाटा अमेरिकेचा. माझ्या ओळखीचे जपानी सहकारीही तेच करतात. म्हणजे आम्ही दर महिन्याला येन विकतोय आणि परत आणायचा विचार वीस वर्षं तरी नाही. याला कॅरी ट्रेड म्हणता येणार नाही. इथे लोकसंख्या घटतेय, वाढ तिकडे आहे, म्हणून पैसा तिकडे चाललाय. व्याजदराचा फरक उद्या शून्य झाला तरी मी फंड बदलणार नाही.


आकडेमोड | १८ ऑगस्ट, संध्याकाळी ७:००

पाऊस यांच्या मुद्द्याला पुस्ती. महागाईतला फरक धरून आणि व्यापारातल्या सगळ्या देशांच्या तुलनेत येनची खरी खरेदीशक्ती काढतात, ती आता १९७० च्या दशकाच्या सुरुवातीइतकी खाली आहे. तेव्हा डॉलर ३६० आणि मग ३०८ येनला बांधलेला होता. तीस वर्षं तिकडे किमती वाढत गेल्या, इथे गोठून राहिल्या. पुस्तकाप्रमाणे अशा चलनाचा भाव हळूहळू चढायला हवा. चढला नाही.


उगवतीकडे | १८ ऑगस्ट, रात्री ९:३०

सगळ्यांचे मनापासून आभार. ताई, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. पण मार्चचं कोडं राहिलंच. दर वाढला आणि येन पडला, असं का? आणि सरकारकडे एवढी गंगाजळी आहे तर ते भाव एका जागी धरून का ठेवत नाही? निदान मध्यवर्ती बँकेने दर झटकन तीन टक्क्यांवर नेला तर प्रश्न मिटेल ना?


देवदार | १९ ऑगस्ट, रात्री १०:१०

कालच लिहायचं होतं, पण आज सकाळी लवकर बंदरावर जायचं होतं.

मार्चचं सोपं आहे. १५ मार्चला कामगार संघटनांच्या पगारवाढीचा पहिला आकडा आला, ५ टक्क्यांच्या वर, तीस वर्षांत असं झालं नव्हतं. त्यानंतर पेपरांनी दरवाढ जवळपास छापूनच टाकली होती. ज्यांना येन घ्यायचे होते त्यांनी आधीच घेतले. १९ तारखेला घोषणा झाली, उणे ०.१ वरून शून्य ते ०.१, आणि बँक म्हणाली की धोरण यापुढेही सैलच राहील. म्हणजे अपेक्षेइतकंच, वर पुढची घाई नाही. घेऊन ठेवलेले येन लोकांनी विकले, डॉलर १४९ वरून १५१ च्या घरात गेला. ३१ जुलैला दरवाढीची सगळ्यांना खात्री नव्हती आणि सूरही कडक होता, म्हणून परिणाम उलटा. २०१६ मध्ये तर दर पहिल्यांदा उण्यात नेला, तेव्हा येन दोन-तीन दिवस पडला आणि मग चढतच गेला, कारण जगभर घबराट होती. जूनमध्ये ब्रिटनच्या ब्रेक्झिट कौलाचा निकाल लागला त्या दिवशी डॉलर ९९ ला टेकून आला. व्याजदराचा फरक भीतीपुढे टिकत नाही, कारण घाबरलेला माणूस आधी उधारी फेडतो, आणि जगाची उधारी येनमध्ये असते.

भाव धरून ठेवण्याबद्दल. हा निर्णय अर्थमंत्रालय घेतं, मध्यवर्ती बँक फक्त हुकूम पार पाडते. येन चढत असेल तर तो पाडायला येन छापता येतात, तिथे मर्यादा नाही. पण पडणारा येन उचलायला डॉलर विकावे लागतात आणि डॉलर जपान छापू शकत नाही. २९ एप्रिलला, इथे सुट्टीचा दिवस, भाव १६० ला टेकला आणि काही तासांत १५४ वर आला. सरकारने त्या महिन्याभरात ९.७९ लाख कोटी येन विकत घेतले. एवढे करून दोन महिन्यांत भाव १६१ च्या पुढे. २०२२ च्या सप्टेंबरातही असंच झालं होतं, एका महिन्यात सगळं धुऊन निघालं. मी याला निरुपयोगी म्हणणार नाही. आमच्यासारख्यांना श्वास घ्यायला आठवडे मिळतात, एका बाजूने खेळणाऱ्यांना धाक बसतो. पण वारा फिरला तरच तो टिकतो. जुलैत वारा फिरला.

दर झटकन तीन टक्के? आमचं गिऱ्हाईक म्हणजे घरं बांधणारे, त्यामुळे हे मला जवळून दिसतं. इथल्या घरकर्ज घेणाऱ्यांपैकी सत्तर टक्क्यांहून जास्त लोक बदलत्या व्याजदरावर आहेत. सरकारचं कर्ज देशाच्या वार्षिक उत्पन्नाच्या दुपटीहून जास्त. दर तीनवर गेला तर येन चढेलही, पण घरं बांधणं थांबेल आणि सरकारचा व्याजाचा बोजा फुगेल. बँकेला हे ठाऊक आहे आणि बँकेला ठाऊक आहे हे बाजारालाही ठाऊक आहे. येन विकणाऱ्यांची हिंमत तिथूनच येते.

पाऊस, तुमचा मुद्दा मी मान्य करते, तो मी लिहायला हवा होता. तुमचे ५० हजार परत येणार नाहीत आणि असे लाखो जण आहेत. मात्र ५ ऑगस्टपर्यंतच्या त्या महिन्याभरात भाव वीस येन हलवला तो तुम्ही नव्हे, तुमचा फंड तेव्हाही जागेवर होता. तुमच्यासारख्यांमुळे येनची बैठक हळूहळू खाली सरकते, उधारीवाल्यांमुळे तो रोज वरखाली होतो. दोन वेगळी घड्याळं आहेत.

शेवटी उगवतीकडे यांच्या ५७ हजारांबद्दल, कारण मूळ तेच आहे. २००७ मध्ये डॉलर १२० च्या आसपास होता. आमच्या कंपनीने एका बँकेशी पाच वर्षांचा करार केला, दरमहा २ लाख डॉलर १०५ च्या भावाने घ्यायचे. बाजारापेक्षा पंधरा येन स्वस्त, सगळे खूश. मी तेव्हा विभागात नवी होते, कागदांच्या झेरॉक्स मीच काढल्या होत्या. मग २००८ आलं, जगभरचे उधारीवाले येन परत घ्यायला धावले, आणि २०११ मध्ये डॉलर ८० च्याही खाली. आम्ही १०५ नेच घेत होतो, कारण करार तोडायची किंमत त्याहून जास्त होती. महिन्याला ५० लाख येनचं नुकसान. शेजारची लाकूड कंपनी आमच्याहून पंचवीस येन स्वस्त डॉलरने तेच लाकूड आणून विकत होती. त्या दोन वर्षांत आमच्याकडे जे दोघे निवृत्त झाले त्यांच्या जागी कुणाला घेतलं नाही. आयातदाराला येन चढला की फायदा, हे पुस्तकात लिहिलेलं असतं. आम्ही चढत्या येनमध्येच बुडत होतो.

तेव्हापासून मी एका भावाने सगळं कधीच घेत नाही. पुढच्या सहा महिन्यांतलं अर्धं फॉरवर्डने बांधते, उरलेलं महिन्याच्या महिन्याला. १६१ असो की १४२. तुमचा हप्ता दरमहा आहे, पगारही दरमहा आहे, तर डॉलरही दरमहा घ्या. सहा महिन्यांचे एकदम घेतलेत तेव्हा तुम्ही हप्ता भरत नव्हता, भावावर पैज लावत होता. हे मी दोष देण्यासाठी म्हणत नाही, आमच्या संचालकांनीही तेच केलं होतं.

एक बारीकशी गोष्ट, कुणी सांगत नाही म्हणून. बँकेच्या काउंटरवरचा त्या दिवसाचा भाव सकाळी ९:५५ च्या सुमाराला ठरतो, त्याला इथे जपानीत ‘नाकाने’ म्हणतात. ग्राहकाला डॉलर विकताना बँका त्यावर साधारण एक येन लावतात, ऑनलाइन घेतलात तर बराच कमी. आणि ५, १०, १५, २०, २५, ३० या तारखांना, म्हणजे गोतोबीला, कंपन्या बिलं चुकती करतात. त्या सकाळी ९:५५ आधी डॉलरची मागणी वाढते आणि भाव जरासा वर सरकण्याकडे कल असतो. ५०० डॉलरला यातून काही मोठं वाचणार नाही. पण उद्या २० तारीख आहे. सकाळी स्क्रीनवर साडेनऊपासून बघत बसा, शिनकिबातल्या एका टेबलावरून जहाजाच्या भाड्याचे डॉलर मागितले जातील, तसेच ओसाकातून, नागोयातून. तुमच्या ‘कशाने’ या प्रश्नामागचा ‘कोण’ तुम्हाला पंचवीस मिनिटं हलताना दिसेल.


उगवतीकडे | २० ऑगस्ट, सकाळी १०:०२

ताई, कामावर जरा उशिरा जातो म्हणून सांगितलं आणि बघितलं. उरलेले डॉलर संपेपर्यंत वापरतो, त्यानंतर दरमहा घेईन. एक विचारायचं राहिलं: अर्धं फॉरवर्डने बांधता, तर अर्धंच का? पाऊण का नाही?


देवदार | २० ऑगस्ट, दुपारी १२:३५

जेवणाच्या सुट्टीत पटकन लिहिते. पाऊण बांधलं आणि लाकडाला गिऱ्हाईक मिळालं नाही, तरी डॉलर घ्यावेच लागतात. २००९ मध्ये घरबांधणी आटली तेव्हा आमच्याकडे डॉलर होते, त्यांनी आणायचं लाकूड कुणाला नको होतं. किती लाकूड नक्की विकलं जाईल याचा अंदाज आधी आमच्या गोदामवाल्यांना विचारते, त्यांचा आकडा निम्म्याच्या आसपास येतो. तुमचा हप्ता ठरलेला आहे, तुम्हाला हा प्रश्नच नाही.